लक्षद्वीपला कयाक आणि स्नॉर्केलिंगला जाताय? वारा, ओहोटी आणि कोरल समजून घेऊन जा

लक्षद्वीपचे फोटो बघितले की आपल्याला वाटतं तिथलं लगून (कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, कड्याच्या आतलं उथळ पाणी) म्हणजे एक मोठा स्विमिंग पूल, कंबरेएवढं निळं पाणी, लाट नाही, कयाक ढकलली की झालं. लाट खरंच नसते. पण वारा असतो आणि पाणी सतत कुठेतरी वाहत असतं, आणि नवीन माणूस तिथे अडकतो तो बहुतेक वेळा या दोन गोष्टींमुळेच. त्यामुळे हॉटेल कुठलं घ्यायचं, खर्च किती येतो हे मी फार लिहीत नाहीये, ते दरवर्षी बदलतं आणि कुठेही मिळतं. गाइडबरोबर ट्रिपला जाताना आपल्याला स्वतःला काय यायला हवं, काय बघायला हवं, यावरच भर आहे. गाइड सोबत असला तरी वल्हं आपल्याच हातात असतं.

जागा कशी आहे ते आधी बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लक्षद्वीपमध्ये १२ अ‍ॅटॉल आहेत, बेटं ३६ म्हणून सांगतात, त्यातली वस्तीची फक्त १०. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर आणि लगूनचं पाणी मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे तुम्ही बेटावर चाललेले नसता, पाण्यावर चाललेले असता. अ‍ॅटॉल म्हणजे समुद्रात बुडत गेलेल्या डोंगराच्या कडेने कोरल वर वर वाढत राहिलं आणि त्याचं कडं तेवढं राहिलं, हा विचार डार्विनने १८४२ मध्ये मांडला होता. आणि आपल्याशी याचं नातं आहे बरं का, सह्याद्रीचा काळा कातळ ज्या तप्त बिंदूमुळे (पृथ्वीच्या पोटातून तापलेला रस वर येतो त्या जागेमुळे) बाहेर ओतला गेला, भारताचं भूखंड उत्तरेकडे सरकत असताना त्याच बिंदूने लक्षद्वीप ते हिंदी महासागरातली चागोस बेटं ही समुद्राखालची डोंगररांग तयार केली असं भूशास्त्रज्ञ मानतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. इथली बरीचशी बेटं अ‍ॅटॉलच्या पूर्वेकडच्या काठावर आहेत, लांबट, उत्तर-दक्षिण पसरलेली. कडमत बघा, साधारण नऊ किलोमीटर लांब आणि सर्वांत रुंद जागी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. लगून पश्चिमेला, त्याच्या पलीकडे रीफची, म्हणजे कोरलच्या भिंतीची, कड, तिथे लाटा फुटल्याची पांढरी रेघ दिसते, आणि त्या रेघेच्या पलीकडे समुद्राचा तळ एकदम खाली जातो. हे चित्र डोक्यात पक्कं करून जा, म्हणजे गाइड जेव्हा म्हणेल की त्या रेघेजवळ जायचं नाही, तेव्हा तो उगाच घाबरवत नाहीये हे कळेल.

कधी जायचं? ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत सीझन धरा, पावसाळ्यात नाव काढू नका. मला विचाराल तर डिसेंबर ते मार्च. पण तारखा ठरवताना आपण शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्ट्या बघतो, तसं एकदा कालनिर्णय उघडून तिथीही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, पाणी जोरात ये-जा करतं आणि ओहोटीला रीफवर इतकं कमी पाणी राहतं की पोहताना पोट घासेल. अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान, पाणी त्या मानाने शांत. पहिल्यांदा जाणाऱ्याने पाण्यातले मुख्य दिवस भांगाच्या आसपास येतील असं बघितलं तर अर्धं काम तिथेच सोपं होतं. कोकणातले लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात ते गणित मात्र बंदरागणिक बदलतं, त्यामुळे वेळ तिथल्याच माणसाला विचारायची.

परमिट आणि पोचणं

परमिट लागतंच, भारतीय नागरिकालाही लागतं, १९६७ च्या नियमांपासून ही पद्धत आहे. पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट काढायला आपल्याकडे वेळ जातो, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधीच ते सुरू करा. ‘स्पोर्ट्स’ नावाची लक्षद्वीप प्रशासनाची पर्यटन संस्था आहे, १९८२ पासूनची, तिच्यामार्फत किंवा मान्यता असलेल्या ऑपरेटरमार्फत गेलात तर परमिटचं बरंचसं काम ते करून देतात. परमिट ठरावीक बेटाचं असतं, अगत्तीला उतरून मनात आलं म्हणून तिकडून कवरत्तीला जाऊन येऊ असं होत नाही. अमेरिकेहून वगैरे येणारे परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांचे नियम वेगळे आहेत, काही ठरावीक बेटंच त्यांना खुली असतात, ते आधी विचारून घ्या, नाहीतर अख्ख्या ग्रुपचा प्लॅन बदलावा लागतो.

पोचायला दोन वाटा, विमान अगत्तीला उतरतं आणि जहाज कोचीहून सुटतं. मुंबईकडून कोकण रेल्वेने एर्नाकुलमला, म्हणजे कोचीलाच, जायला नेत्रावती किंवा मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस, पुण्याहून पूर्णा. अगत्तीची धावपट्टी छोटी, विमानं छोटी, सामानाचं वजन काटेकोर बघतात, म्हणून जड फिन्स (पोहताना पायात घालायची पाती) घेऊन जाण्यापेक्षा मास्क आणि श्वासाची नळी आपली घ्या आणि फिन्स तिथे घ्या. जहाजाला साधारण १४ ते २० तास लागतात, बेटानुसार. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, बऱ्याच बेटांवर जहाज धक्क्याला लागू शकत नाही, बाहेर समुद्रातच तुम्हाला जहाजाच्या बाजूच्या दारातून छोट्या बोटीत उतरवतात, दोन्ही हलत असतात, खलाशी हाताला धरून उतरवतात. त्या वेळी पाठीला सॅक हवी, दोन्ही हात मोकळे हवेत, मोबाइल आणि कागद वॉटरप्रूफ पिशवीत हवेत. आजी-आजोबांना नेणार असाल तर फक्त या एका कारणासाठी विमानाचा विचार करा.

कुठलं बेट? कयाक आणि स्नॉर्केलिंग दोन्ही नीट करायचं तर कडमत किंवा बंगारम. कडमतचं लगून बेटाच्या लांबीभर पसरलंय, किनाऱ्याला समांतर कितीही वल्हवा. बंगारम, तिन्नकरा आणि परळी ही बेटं एकाच लगूनमध्ये आहेत, त्यामुळे तिथे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कयाकने जायची मजा आहे, पण ते अंतर बोटीची सोबत असल्याशिवाय करू नका.

घरी असताना काय करायचं

पोहता येतं का, हा प्रश्न मी थोडा बदलून विचारेन. तुम्हाला पाण्यावर पालथं पडून, काहीही न करता, दहा मिनिटं शांत राहता येतं का? विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेली आपली बरीच माणसं दमदार पोहतात पण मान वर ठेवून, पाय सायकल मारल्यासारखे खाली, आणि स्नॉर्केलिंगला याच्या बरोबर उलटं लागतं. तोंड पाण्यात, शरीर आडवं, पाय सरळ आणि हळू. पाय खाली गेले की ते कोरलला लागतात, कोरल तुटतं, तुमचा पाय फाटतो. म्हणून महिनाभर आधीपासून जवळच्या पूलमध्ये मास्क आणि नळी लावून नुसतं तरंगायची सवय करा. कोचला सांगा की मला स्पीड नकोय. शक्य असेल तर एक वीकएंड मालवण-तारकर्लीला जाऊन या, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग होतं, तिकडचं पाणी लक्षद्वीपइतकं स्वच्छ दिसत नाही पण खऱ्या समुद्रात, खाऱ्या पाण्यात, थोड्या हलत्या पाण्यात नळीतून श्वास घेऊन बघणं महत्त्वाचं आहे, आणि जवळच्या कर्ली नदीच्या शांत पाण्यात वल्हवायलाही मिळतं.

मास्क विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकासा श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क पडला नाही तर तो तुमचा. पडला तर कितीही महाग असला तरी ठेवून द्या. मिशी असेल तर पाणी थोडं झिरपतं, त्यावर वरच्या ओठाला व्हॅसलीन लावतात, किंवा मिशी बारीक करायची. चष्मा असेल तर नंबरचे मास्क मिळतात, नक्की घ्या, एवढ्या लांब जाऊन सगळं धुरकट बघून यायचं काय. नवीन मास्कच्या काचेवर आतून फॅक्टरीचा तेलकट थर असतो, साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीन वेळा चोळून धुवा, नाहीतर धुकं धरत राहील. पाण्यात उतरताना थोडी थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून विसळायचं. अख्खा चेहरा झाकणारे मास्क सध्या खूप विकले जातात, ते मी घेऊ नका म्हणेन, आपण सोडलेली हवा त्यात साचू शकते आणि घाबरल्यावर पटकन काढता येत नाहीत.

कपडे: पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट) आणि लेगिंग्ज, पुरुषांनीही. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या इतक्या भाजतात की दुसऱ्या दिवशी कयाकमध्ये बसवत नाही. अंग झाकलं की सनस्क्रीनही कमी लागतं, आणि ते चांगलंच, कारण ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही सनस्क्रीनमधली रसायनं कोरलला घातक ठरतात म्हणून हवाईने ती असलेली सनस्क्रीन विकायला बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या, लावल्यावर थोडं भुतासारखं दिसतं, चालतं. पायात बंद बूट, जुने कॅनव्हासचे उत्तम. हनुवटीखाली बांधायची टोपी, गॉगलला दोरी. आणि हृदयाचा त्रास, ब्लडप्रेशर, दमा, फिट्स यातलं काही असेल तर डॉक्टरला स्पष्ट विचारून जा, तिथे मोठं हॉस्पिटल जवळ नाही, गंभीर पेशंटला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं.

गाइड पारखायचा कसा

चांगला गाइड पहिल्याच भेटीत तुम्हाला प्रश्न विचारतो. पोहता येतं का, कधी कयाक केलीय का, काही दुखणं आहे का, आणि मग किनाऱ्याजवळ तुम्हाला पाण्यात उतरवून स्वतः बघतो. जो काहीच न विचारता लाइफ जॅकेट देऊन चला म्हणतो त्याला थांबवून तुम्हीच विचारा. एका गाइडबरोबर किती माणसं? पहिल्यांदा जाणारे असतील तर चार-पाचपेक्षा जास्त नकोत. मागे मोटरबोट असणार का, किंवा फोन केल्यावर किती वेळात येईल? ओढायची दोरी आणि शिट्टी आहे का? वारा वाढला तर कुठे किनाऱ्याला लागायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याने हात करून जागा दाखवून दिलं तर समजा माणूस पक्का आहे. आणि जो माशांना ब्रेड टाकतो, किंवा फोटोसाठी समुद्रकाकडी (तळावर पडून असणारा काकडीसारखा जीव) हातात काढून देतो, त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा जाऊ नका. समुद्रकाकडी आणि कोरल दोन्ही वन्यजीव कायद्यात वाघाच्याच यादीत आहेत.

बेटावरच्या लोकांशी त्यांच्या जेसरी बोलीत बोलता येणार नाही, पण हिंदी-इंग्रजी चालतं. गाइडला नावाने हाक मारा, वयाने मोठा असेल तर भाई म्हणा, आणि पाण्यात तो म्हणेल ते शेवटचं. बंगारम सोडून दारू कुठेही चालत नाही, वस्तीच्या बेटांवर पोहायच्या कपड्यांवर गावातून फिरायचं नाही, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी कुणाला पाण्यात चला म्हणून मागे लागायचं नाही. त्या दिवशी सकाळचा राउंड लवकर करा.

वारा

हे नीट वाचा. हिवाळ्यात तिथे वारा मुख्यतः उत्तर-ईशान्येकडून येतो. बेट पूर्वेला, तुम्ही त्याच्या पश्चिमेला लगूनमध्ये. म्हणजे बेटावरच्या माडांनी वारा अडवलेला असतो, किनाऱ्याजवळ पाणी अगदी आरसा, आणि जसजसे तुम्ही बाहेर जाता तसतसा वारा पाठीला लागतो आणि तुम्हाला हळूहळू रीफच्या दिशेला ढकलतो. जाताना छान वाटतं, कयाक आपोआप पळते, आपण म्हणतो जमलं की. परत येताना तोच वारा तोंडावर, हात दमलेले, ऊन चढलेलं. त्यामुळे नियम असा की सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध करायची. किनारा धरून आधी उत्तरेकडे वल्हवत जा, दमायच्या आधी वळा, आणि परतताना वारा मदतीला घ्या. सरळ पश्चिमेला, रीफच्या दिशेने, स्वतःहून कधीच निघायचं नाही, तिकडे फक्त गाइड नेईल तेव्हा आणि तेवढंच. मार्चनंतर वारा बहुतेक वायव्येकडून यायला लागतो, तेव्हा लगूनमध्ये छोट्या लाटा उठतात पण त्या निदान तुम्हाला बेटाकडेच ढकलतात.

वेळ सकाळची. साडेसहाच्या पुढे उजाडतं, सातला पाण्यात, अकराच्या आत बाहेर. दुपारी वारा वाढतो, ऊन डोक्यावर असतं, आणि पाण्यावरून येणारा प्रकाश डोळे दुखवतो. नवीन माणूस तासाला तीन किलोमीटर जातो असं धरा, फार तर चार, म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर आणि मध्ये तासभर स्नॉर्केलिंग, एवढा एक सकाळचा राउंड भरपूर होतो. यापेक्षा जास्त आखणारे ट्रिपचे प्लॅन बघितले की मला काळजी वाटते.

पाण्याच्या वाहण्याचंही असंच. रीफवर लाटा फुटून पाणी सतत लगूनच्या आत पडत असतं, ते बाहेर जायला रीफमध्ये थोड्याच वाटा असतात, बोटी ज्या चॅनलमधून आत येतात ना, त्याच त्या. ओहोटीला सगळं लगून त्या अरुंद वाटेने रिकामं व्हायला बघतं, आणि तिथे सापडलेला पोहणारा कितीही ताकदीचा असला तरी बाहेर खेचला जातो. चॅनलपासून लांब राहायचं, बस. कधी पाणी ओढतंय असं जाणवलं तर त्याच्या विरुद्ध झगडायचं नाही, आडवं सरकायचं, कयाकला धरून राहायचं, शिट्टी वाजवायची आणि वल्हं उभं करून वर धरायचं, लांबून तेच दिसतं.

कयाकवर

तिथे बहुतेक वर बसायच्या कयाक असतात, आत पाय अडकवायचा प्रश्न नाही, उलटली तर आपण पाण्यात पडतो आणि कयाक तरंगत राहते. वल्हं हाताने ओढू नका, कंबर फिरवा. डावं पातं पाण्यात घालताना डावा खांदा पुढे, मग पोटातून वळत मागे. फक्त दंडाने ओढलं तर अर्ध्या तासात खांदे जातात, पोट आणि पाठ वापरली तर सकाळभर चालतं. मुठी सैल, नाहीतर फोड येतात. पाय समोरच्या खाचेत घट्ट टेकलेले. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याने ताल धरायचा आणि मागच्याने तो पाळून दिशा सांभाळायची, म्हणून जास्त ताकदीचा आणि वजनाचा माणूस मागे. पुढच्याने मागे वळून बघायची गरज नाही, मागच्याने पुढच्याला ओरडायची नाही, दोन-तीन वेळा वल्ही आपटतील, मग लागतो ताल.

पहिल्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात, खाली वाळू असलेल्या जागी, मुद्दाम कयाक उलटवा. ती सरळ करायची, बाजूला आडवं तरंगत पाय मारायचे, पोटावर कयाकवर आडवं यायचं, मग उताणं वळून बूड खाचेत आणि शेवटी पाय आत. घाईत सरळ बसायला गेलात की परत उलटणार. हे दोन-तीन वेळा जमल्याशिवाय लगूनच्या मध्ये जाऊ नका, आणि गाइडने हे करून घेतलं नाही तर आपण होऊन मागा. लाइफ जॅकेटची सगळी बकलं लावलेली हवीत, खांद्यावर धरून वर ओढलं तर कानापर्यंत यायला नको.

स्नॉर्केलिंगच्या जागी पोचल्यावर नांगर फक्त वाळूत. कोरलवर टाकलेला एक छोटा नांगर वाऱ्याने घासटत जाऊन अनेक वर्षांची वाढ मोडतो. त्याहून चांगलं म्हणजे गाइड सगळ्या कयाक एकत्र बांधून वर थांबतो आणि जोडीजोडीने लोक उतरतात. दोघांच्या कयाकवरून उतरताना दोघांनी एकाच वेळी, विरुद्ध बाजूंनी. मास्क आधी लावा, फिन्स पाण्यात गेल्यावर.

पाण्याखाली

तोंड पाण्यात घातल्यावर पहिलं मिनिट फक्त श्वासाला द्या. लांब आत, त्याहून लांब बाहेर. छाती धडधडत असते, ती शांत होते, आणि मग खरं दिसायला लागतं. नळीत पाणी गेलं तर जोरात फू करून बाहेर काढायचं. मास्कमध्ये पाणी आलं तर डोकं वर काढून खालची कड उचलली की निघून जातं. डुबकी मारायच्या आधी भराभरा श्वास घेऊ नका, त्याने दम वाढत नाही, दम संपल्याची सूचना मेंदूला उशिरा मिळते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो, चांगल्या पोहणाऱ्यांचे जीव असे गेले आहेत. पाच-सहा फूट खाली गेलात तरी कान दाबले जातात, नाक धरून हलकं फुंकायचं, आणि दुखलं तर वर.

एका जागी थांबा. हे मी परत परत सांगेन. लोक पोहत सुटतात आणि म्हणतात मासे दिसले नाहीत. एका कोरलच्या गड्ड्यापासून चार-पाच फूट लांब नुसते तरंगत राहा, पाच मिनिटांत सगळे बाहेर येतात. पोपटमासे कोरल कुरतडताना त्याचा कटकट आवाज चक्क ऐकू येतो, ती पांढरी वाळू बऱ्याच अंशी त्यांच्याच पोटातून आलेली आहे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मूरिश आयडॉल, जोडीने फिरणारे बटरफ्लाय फिश, अनिमोनमधले क्लाउनफिश, निळसर-जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला खडकात रुतून बसलेला, तुमची सावली पडली की मिटणारा. हिरवी कासवं अगत्तीच्या लगूनमध्ये खूप होती, इतकी की त्यांनी समुद्री गवत खाऊन संपवल्याचा अभ्यास संशोधकांनी केलाय. कासव दिसलं तर मागे लागू नका, बाजूला राहा, त्याला श्वासाला वर यायची वाट मोकळी ठेवा. छोटे ब्लॅकटिप शार्क दिसले तर घाबरायचं कारण नाही, ते तुम्हाला बघून आधी पळतात. टायटन ट्रिगरफिश मात्र घरट्याच्या वेळी अंगावर येतो, चांगला हातभर मासा असतो, तो आडवा वळून डोळे रोखायला लागला की वर न जाता बाजूला, लांब पोहत निघायचं, कारण त्याची हद्द घरट्यावरून वर पसरत जाते.

स्टोनफिश दगडासारखाच दिसतो, म्हणून उथळ पाण्यात बुटाशिवाय चालायचं नाही आणि पाय घासत चालायचं. त्याचा किंवा लायनफिशचा काटा लागला तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, तो भाग बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना. सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर त्याचं विष माणूस मारू शकतं, हात लावू नका. कोरलने खरचटलं तर तेवढंसं वाटतं पण ते चिघळतं, गोड्या पाण्याने चोळून धुवा, अँटिसेप्टिक लावा आणि भरेपर्यंत बघत राहा.

आणि कोरलबद्दल खरं सांगायला हवं. तुम्हाला सगळीकडे रंगीबेरंगी बाग दिसणार नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४, समुद्र तापला आणि इथलं कोरल पांढरं पडलं, बरंच मेलं. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी जवळपास पाव शतक इथल्या रीफ मोजल्या, १९९८ ला जिवंत कोरल सुमारे ३७ टक्के होतं ते २०२२ ला १९ टक्क्यांवर आलं. त्यामुळे शेवाळ चढलेले मेलेले सांगाडे दिसतील, मध्येच जिवंत गड्डे दिसतील, काही ठिकाणी बोटभर नवीन फुटवे. ते नवीन फुटवे बघायला शिका, गाइडला दाखवायला सांगा. ही कड लाटा झेलते म्हणून समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर उंचीची ही बेटं टिकून आहेत, तिथल्या माणसांचं घर त्यावर उभं आहे. तुमच्या फिनचा एक फटका त्या फुटव्यावर बसू नये एवढं तर आपण करू शकतो ना. दम लागला तर उभं राहायचं नाही, उताणं होऊन तरंगायचं, किंवा कयाकला धरायचं. ज्याला हे जमत नाही त्याने सरळ रिंग घेऊन उतरावं, त्यात कमीपणा काही नाही.

सकाळी लगूनमध्ये बारीक जाळी लावून छोटे मासे पकडणाऱ्या बोटी दिसल्या तर लांबून जा. ते मासे जिवंत ठेवून बाहेर समुद्रात गळ आणि काठीने ट्यूना पकडतात, इथली मुख्य कमाई तीच, आणि तुमच्या कयाकने तो घोळका पसरवला तर त्यांचा दिवस जातो.

किनाऱ्यावर आल्यावर पाणी जपून. बेटाखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, तो संपला की खारं वर येतं, कवरत्तीला तर २००५ पासून समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्रकल्प चालवावा लागतोय. अंघोळ बादलीने, मास्क-फिन्स एकाच टबमध्ये सगळ्यांचे. प्लास्टिकच्या बाटल्या, रॅपर, सनस्क्रीनची ट्यूब, सगळं परत कोचीला घेऊन या. जेवायला ट्यूना असतोच, मिळाली तर किलांजी नक्की खा, तांदळाच्या पातळ आंबोळ्या, नारळाचं दूध, केळं आणि गूळ, वल्हवून आल्यावर याच्यासारखं दुसरं काही लागत नाही.

निघताना बॅगेत शंख-शिंपले, कोरलचे तुकडे, वाळूची बाटली काही ठेवू नका, मुलांच्या खिशांतही बघा, किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं कोरलसुद्धा न्यायला बंदी आहे आणि सामान तपासतात. आणि परतीच्या तारखेपुढे दोन दिवस रजा मोकळी ठेवा, हवा बिघडली की जहाज आणि विमान दोन्ही थांबतं, कोचीहून पुढचं रेल्वेचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका.